बँडवाले सुट्टीवर गेले नव्हते

वरातीत क्लॅरोनेट वाजलं की "बँड परत आला, जुने दिवस परत आले" असे स्टेटस टाकणाऱ्यांना एक विचारायचंय. भाऊ, बँड गेला कुठं होता?

कॅनडात 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' नावाचा रॉक बँड आहे. गाणारा कोणी नाही, नुसती वाद्यं. २००३ च्या सुमारास थांबले, २०१० ला परत वाजवू लागले, २०१२ ला नवा अल्बम आला. २०१३ ला त्याला तिकडचा पोलॅरिस पुरस्कार मिळाला, ३० हजार डॉलरचा. तर यांनी त्या झगमगाटी सोहळ्यावरच टीका केली आणि पैसे क्युबेकच्या तुरुंगांत वाद्यं देण्यासाठी वापरू म्हणून सांगितलं. ते स्वतःच्या मर्जीनं थांबले होते. लोक त्यांची वाट पाहत होते.

आपल्या चिखली, मेहकर, खामगावकडचे बँडवाले मर्जीनं थांबले नाहीत. त्यांची सुपारी आपण डीजेला दिली. हात मजुरीला गेले, ढोल माळ्यावर गेला. आणि आता आपणच म्हणतो, वा, परत आले!

कायदा नाही असंही नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. हा रात्रीचा नियम बँडलाही लागू, मान्य. पण सणाआधी शांतता समितीत मान डोलवायची अन् साहेबांच्या वाढदिवसाला टॉप-बेसची भिंत उभी करायची, हे कसं?

डीजेवाला पोरगाही आपलाच आहे, कर्ज काढून सेट घेतलेला. त्याच्याशी भांडण नाही. भांडण "अजून वाढव" म्हणणाऱ्या यजमानाशी आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते ती टाळ-मृदंगावर. भक्ती कुठं कमी पडते?

म्हणून कौतुक पुरे. लग्नात बँडला सुपारी द्या. डीजेला मोजताना हात आखडला नाही, मग बँडवाल्याच्या बिदागीतच घासाघीस का? ग्रामसभेत डीजेविरुद्ध ठराव घ्या, आणि तो आधी पुढाऱ्याच्या मिरवणुकीला लावा.

तुमच्या घरच्या पुढच्या लग्नात कोण वाजवणार, तेवढं कमेंटमध्ये लिहा. बाकी आठवणी नंतर काढू.