गोंदण, वांग आणि लेसरचा किरण

आमच्या नागावात जुन्या पिढीतल्या बायकांच्या कपाळावर, मनगटावर गोंदण दिसते. दागदागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही त्यामागची समजूत. आता समुद्रावर आलेली पोरे हौसेने दंडावर नाव गोंदवतात आणि सैन्यभरती किंवा लग्न ठरले की ते पुसायला धावतात. ‘लेसरने जाते म्हणे!’ असे मलाही विचारतात.

जाते; पण लेसर ही काही एकच वस्तू नव्हे. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत मैमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये शोधणारे कुमार पटेल तर आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. (शाळेच्या पुस्तकांना याचा पत्ताच नसतो.) हा किरण पाणी शोषून घेते आणि आपली त्वचा पाण्याने भरलेली, म्हणून चामखीळ जाळायला, मुरुमांचे खड्डे सपाट करायला तो कामी येतो.

पुढे १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी नेमके सूत्र मांडले. ज्या रंगावर घाव घालायचा तोच जो प्रकाश शोषून घेईल तो निवडा आणि त्याचा ठोका इतका अल्प ठेवा की शेजारच्या पेशी भाजू नयेत. जन्मजात लाल डागासाठी रक्तात शोषला जाणारा पिवळा ‘डाय’ लेसर वापरतात. नको असलेल्या केसांसाठी डायोड. पांढऱ्या केसांवर मात्र तो चालत नाही, कारण तिथे रंगच नाही. गोंदणासाठी क्यू-स्विच्ड एनडी-याग. तो शाईचे कण फोडतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. त्याला काही आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच बैठका लागतात. काजळीचे जुने गोंदण हिरवट दिसले तरी मूळचे काळे, म्हणून ते त्यातल्या त्यात सहज निघते; आजचे पिवळे-हिरवे रंग चिवट.

खरी मेख आपल्या सावळ्या कातडीत आहे. तिच्यातले रंगद्रव्यही किरण शोषते. यंत्र चुकले, जोर जास्त झाला, की फोड येतात आणि मागे काळे-पांढरे डाग राहतात. माझ्या एका भाचीने लग्नाच्या तोंडावर कुठल्याशा पार्लरमध्ये वांगावर लेसर करवून घेतला. दोन-तीन महिन्यांत वांग पूर्वीहून गडद होऊन परतले. वांगावर लेसर हा पहिला उपाय नव्हेच. उन्हापासून जपणे आणि मलमे आधी. ‘गोरे करणारा लेसर’ अशी पाटी दिसली तर मी पुढचे काही ऐकतच नाही.

जायचेच तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. यंत्र कोणते, बैठका किती, आधी छोट्या जागेवर चाचणी घेणार का, डोळ्यांवर चष्मा देणार का, हे विचारावे. मे महिन्यात किनाऱ्यावर रापलेल्या अंगावर लेसर नको. रंग उतरू द्यावा. दिवाळीनंतरचे लग्न असेल तर बैठका पावसाळ्यापासूनच सुरू कराव्यात. आणि आभाळ भरलेले असले तरी सनस्क्रीन चुकवू नये.