हलतंय का बघ



गेल्या वर्षी या सदरात मी डॅलसच्या थंडीत तुळस कशी जगवली ते लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणींनी आपापल्या तुळशींच्या तक्रारी मला ऐकवल्या. यंदा त्याच खिडकीशी राहायला आलेल्या पाहुण्याबद्दल लिहिते आहे. आमच्याकडे दीड वर्षापासून एक सरडा आहे. नाव बंड्या. डोक्यावर तुरा असलेला हा शॅमेलिऑन, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाकडचा. आमचा मात्र इथेच एका पाळणाऱ्याकडे अंड्यातून निघालेला.

नवऱ्याला केसांची अ‍ॅलर्जी, त्यामुळे कुत्रा-मांजर बाद. पाचवीतल्या लेकीने वर्षभर वाचून, वह्या भरून आम्हाला पटवलं. रत्नागिरीहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, घोयरा घरात आणलास? आणि दिवाणखान्यात?" आता त्याच रोज विचारतात, "जेवला का गो तो?"

शाळेत शिकवत असताना "सरड्याची धाव कुंपणापर्यंत" ही म्हण मी दरवर्षी फळ्यावर लिहायची. बंड्याची धाव फांदीच्या टोकापर्यंत. हा प्राणी झाडावरचा. त्याचे पाय नीट पाहा. पाच बोटांचे दोन जुडगे झालेले, पुढच्या पायात तीन आत नि दोन बाहेर, मागच्या पायात बरोबर उलट. म्हणजे चार चिमटेच. सपाट जमिनीवर त्याला सुचत नाही. फांदी धरली की तो निवांत. म्हणून पिंजऱ्यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर फांद्या. आणि तिथेच मी चुकले.

पिंजरा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. चौकट अ‍ॅल्युमिनिअमची, चारी बाजूंनी बारीक जाळी. मागच्या अंगणातल्या ओकची एक झकास फांदी मी आडवी बसवली आणि दोन्ही टोकं केबल टायने जाळीलाच बांधली. लेक फांदीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हलतंय." ओट्यावर डोशाचं पीठ, उद्याचे डबे, मी म्हटलं, "काही होत नाही. झोप आता."

रात्री अकराला धप्प आवाज झाला. जाळी फाटली होती, फांदी खाली, आणि बंड्या तळाशी. अंग काळपट पडलेलं, पुढचा उजवा पाय पोटाशी. लेक जिन्यात उभी होती. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत, मुका मार होता. त्यांनी सांगितलं की खाण्यातून कॅल्शिअम कमी पडलं किंवा यूव्हीबी दिवा नसला की या प्राण्यांची हाडं ठिसूळ होतात, मग एवढ्या पडण्यानेही मोडतात. किड्यांवर कॅल्शिअमची पूड भुरभुरायचं काम लेकीचं. ते तिने कधी चुकवलं नव्हतं. चूक माझ्या वाट्याच्या कामात झाली होती, आणि घरी येताना गाडीत मी तिला तसं सांगितलं.

पुढचे दोन आठवडे बंड्या बुटक्या फांद्यांवर राहिला, आणि आम्ही दोघींनी पिंजरा नव्याने लावला. घरात असा पाहुणा असेल किंवा मुलं हट्टाला पेटली असतील, तर हे उपयोगी पडेल.

जाळी हवेसाठी असते, वजनासाठी नाही. वजन चौकटीने किंवा तळाने पेलायला हवं. आम्ही समोरासमोरच्या बाजूंना, चौकटीच्या एका उभ्या पट्टीपासून दुसरीपर्यंत आडव्या लाकडी पट्ट्या लावल्या. आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू आणि वॉशर. फांद्या त्या पट्ट्यांना बांधल्या. सगळ्यात जड फांदी तिरपी ठेवून तिचं बूड जड कुंडीत रोवलं, म्हणजे भार जमिनीवर. कुंडीत जास्वंद आहे. बंड्या तिची पानं खातो आणि पानांवरचे थेंब पितो.

प्रत्येक फांदी किमान दोन ठिकाणी बांधा. एकाच ठिकाणी बांधली तर ती गरकन फिरते. केबल टायचं कापलेलं टोक सुरीसारखं असतं, ते बाहेरच्या बाजूला वळवा. स्क्रूचं टोक आत डोकावत नाही ना, बोटाने चाचपा. सुतळी ओलाव्याने कुजते आणि तिच्या सुटलेल्या धाग्यांत बोटं अडकतात. गरम गोंद दिव्याखाली मऊ पडतो. साधे नायलॉनचे टायसुद्धा यूव्हीबीखाली कालांतराने ठिसूळ होतात. म्हणून मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळे तपासते.

फांद्या पेन्सिलीपासून अंगठ्यापर्यंत वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, म्हणजे पकडीला व्यायाम होतो. औषध न फवारलेल्या झाडाच्याच घ्या, गरम पाण्याने घासून उन्हात खडखडीत वाळवा. चीड-देवदारासारखी राळेची लाकडं नकोत.

दिव्याखालच्या फांदीचं माप घेताना आमची आणखी एक चूक सापडली. आम्ही दिव्यापासून फांदीपर्यंत मोजत होतो. पण बंड्या बसला की त्याचा तुरा फांदीपेक्षा बराच वर येतो, आणि भाजतो तो तुरा. आता अंतर तुऱ्यापासून मोजतो आणि त्या उंचीला थर्मामीटर धरून २९ ते ३२ सेल्सिअस आहे ना ते बघतो. दिवा जाळीच्या छतावर टेकवलेला नाही, थोडा उंच टांगला आहे, कारण बंड्या छताला उलटा लटकतो.

शेवटची परीक्षा तांदळाच्या पिशवीची. बंड्याचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. तरी प्रत्येक फांदीवर किलोभर तांदूळ रात्रभर टांगून ठेवले. सकाळी फांदी तसूभरही खाली आली नसेल तर पास.

भारतातल्या नातेवाइकांच्या मुलांसाठी एक सांगायला हवं. तिथला घोयरा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तो पकडून पाळायचा नाही. बागेत दिसला तर लांबूनच बघायचा. आणि दिवाळीत ज्यांच्या घरी असे पाहुणे आहेत त्यांनी अगरबत्ती, धूप, फुलबाज्या त्यांच्या खोलीत लावू नयेत. धूर त्यांना सोसत नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुवून मगच फराळाला बसायचं.

बंड्याचा पाय आता छान आहे. नव्या पिंजऱ्यात सोडायच्या आदल्या रात्री मी सगळं आवरून दिवा मालवत होते. लेकीला हाक मारली, "ये, हलतंय का बघ." तिने एकेक फांदी दाबून पाहिली. तिसरी किंचित हलली. रात्रीचे साडेदहा वाजले होते, सकाळी शाळा होती. मी स्क्रू-ड्रायव्हर आणायला गॅरेजमध्ये गेले.