रस्ते जासईला आले, बाजार कुठे गेला?

१९०८ साली छापलेल्या इम्पिरिअल गॅझेटिअरमध्ये पनवेलबद्दल एक गमतीची नोंद आहे. इथला मुख्य धंदा बैलगाडीची चाकं बनवण्याचा, आणि दख्खनमधून आलेली प्रत्येक गाडी म्हणे परत जाताना पनवेलची चाकजोडी घेऊन जाते. त्यामागचं कारण उघड आहे. घाट उतरून आलेल्या गाडीची चाकं झिजलेली असणार आणि पुन्हा घाट चढायचा तर नवी हवीत. देशावरचा माल पनवेलला गाडीतून उतरून गलबतात चढायचा, तोवर गाडीवान मुक्कामाला. मुक्काम म्हटला की बैलांना कडबा, कंदिलाला तेल, सोबत न्यायला मीठ आणि सुकी मासळी, घरी न्यायला एखादं लुगडं. पनवेलचा बाजार अशा थांबलेल्या माणसांवर वाढला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, तीही पनवेल टाळून कर्जतवरून. बंदराचं महत्त्व ओसरत गेलं, पण आसपासच्या खेड्यांनी पेठ टिकवली.

त्या खेड्यांपैकी एक जासई. तालुका उरण, पण मोठी खरेदी म्हटली की पनवेल. पनवेलमध्ये ‘उरण नाका’ नावाची जागा आहे, ती याच रस्त्यामुळे. उरणच्या बाजूचा माणूस बाजारात शिरायचा तो इथून.

आज जासईच्या भोवती जेवढे रस्ते आहेत तेवढे राज्यातल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला आले असतील. जेएनपीटीचा महामार्ग रुंद होऊन गावाला लागूनच गेला. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, तो समुद्र ओलांडून शेजारच्या चिर्ल्याला उतरतो आणि जासईपाशीही त्याला फाटा आहे. त्याच दिवशी खारकोपर ते उरण लोकल सुरू झाली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. कंटेनर, मोटारी, रेल्वे, विमान, सगळं आहे. थांबत मात्र कुणी नाही. कंटेनरचा ड्रायव्हर थांबलाच तर पंक्चरसाठी किंवा चहासाठी.

बाजारपेठा का ओस पडतात, यावर बोलताना आपण लगेच मॉलकडे, डी-मार्टकडे आणि मोबाइलकडे बोट दाखवतो. ते खोटं नाही. सीवूड्स स्थानकाच्या डोक्यावरचा मॉल आता लोकलच्या एका गाडीच्या अंतरावर आहे. झेप्टो-ब्लिंकिटच्या पिशव्या पाठीला लावून याच गावांतली मुलं उलव्याच्या सेक्टरांत फिरतात. पण उरण-पनवेल पट्ट्यात बाजाराला पहिला धक्का मॉलने दिलेला नाही. मॉल यायच्या कितीतरी आधी बाजाराचा विक्रेता संपला होता.

आगरी, कोळी किंवा कराडी बाई बाजारात जायची ती डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत भाजी, सुकट, जवळा, चिंबोऱ्या, कधी घरचे तांदूळ. ते विकून आलेल्या पैशांतून तेल, साखर, कापड घ्यायची आणि रिकाम्या पाटीत तेच भरून परत यायची. एकाच फेरीत ती विक्रेतीही होती आणि गिऱ्हाईकही. दुकानदार तिला उधार देत होता, कारण भाताची झोडणी झाली की पैसे येणार हे त्याला ठाऊक होतं. तिची शेती कुठे आहे, यंदा पाऊस कसा झाला, खाडीचा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं का, हे सगळं दुकानदाराला माहीत असावं लागायचं. त्याची वसुली त्यावरच होती.

मग शेतीच गेली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण मिळून ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घ्यायची ठरली. पुढे न्हावा-शेवा बंदर आलं. मोबदला इतका तुटपुंजा होता की दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. दि. बा. जासईचेच. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघर-पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना ही त्या आंदोलनाची कमाई. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक पुन्हा उतरले ते उगाच नाही.

या लढ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याचा बाजाराशी असलेला संबंध मात्र क्वचितच कुणी मांडतं. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी आटली आणि पाटी रिकामी झाली. माणूस नुसता गिऱ्हाईक उरला. ज्याच्याकडे विकायला काही नाही, त्याला अमुकच पेठेत जायचं कारणही उरत नाही. जिथे स्वस्त मिळेल तिथे तो जाणार, त्यात त्याची चूक काय? साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या तळाशी गाळे निघाले. त्यातले कित्येक आज ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लावून बंद आहेत. डोक्यावरची पाटी गेली आणि शटरवर पाटी आली, असं मी एकदा एका मित्राला म्हणालो. तो हसला नाही, त्याचेही दोन गाळे आहेत.

पनवेलमध्ये माझ्या ओळखीचे एक शिंपी चाचा आहेत. त्यांच्याकडे मापाच्या जुन्या वह्या आहेत. जासई, चिर्ले, गव्हाण अशा गावांच्या नावाने पानं, आणि पानावर एकेका घरातल्या बापाची, मुलांची, नवऱ्या मुलाची मापं. लग्न ठरलं की बस्ता बांधायला पंधरा-वीस माणसं टेम्पोतून येत. कापडवाल्याकडे बसून बस्ता बांधला की चाचांकडे मापं, मग बांगड्या, मग भांडी, आणि शेवटी बेकरीतून नानकटाई. आता काय काम येतं, असं विचारलं तर म्हणाले, “पँटची लांबी कमी करायची, चेन बदलायची. माप घ्यायला मागं कोण थांबतंय, बेटा?”

या एका फेरीत किती जातीधर्मांची माणसं लागत, ते पाहा. कापडवाला मारवाडी किंवा गुजराती. शिंपी मुसलमान. चुडा भरायला कासार नाहीतर मणियार. गादी भरायला पिंजारी, भांड्यांना कल्हई करायला कल्हईवाला, आणि हे दोघेही बहुतेक वेळा मुसलमान. हळदीच्या घरात मणियार बाई निःसंकोच आत बसून नवरीच्या हातात बांगड्या चढवायची. तिचा धर्म घरच्यांना माहीत होता आणि त्याने कुणाचं काही अडत नव्हतं. कोकणात बेने इस्रायली ज्यूंना ‘शनवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेल काढणं हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून ते नाव. पनवेलमध्ये १८४९ चं त्यांचं सिनेगॉग आहे. यहुदी धर्मात काय लिहिलंय हे इथल्या शेतकऱ्याला माहीत नव्हतं, पण शनिवारी तेल मिळत नाही हे पक्कं माहीत होतं. आमचं शुक्रवारी दुपारी तासभर बंद होणारं शटर त्याने याच नजरेने पाहिलं.

मला ही ओळख मोलाची वाटते. तिच्यात प्रेम होतंच असं नाही. गरज होती, आणि गरजेपोटी आलेली सवय होती. आमचे पुरोगामी मित्र सलोख्याच्या परिषदा घेतात, मीही त्यांत बोलून आलोय. पण परिषदेला येतो तो आधीच पटलेला माणूस. बाजारात न पटलेलाही यायचा, कारण त्याला गादी भरून हवी असायची.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने ठराव केला की कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लीम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. अशा बातम्या आता वरचेवर येतात, ‘त्यांच्याकडून घेऊ नका’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. पूर्वीच्या बाजारात बहिष्कार नव्हते असं मी म्हणणार नाही, दंगलीनंतर पेठा विभागल्याचा इतिहास आपल्याकडे आहे. पण ज्याच्या वहीत आपलं माप आहे त्याच्यावर बहिष्कार घालायला मनाची तयारी करावी लागते, नवा शिंपी शोधावा लागतो. अ‍ॅपवरून मागवणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. त्याने कुणावर बहिष्कार घातलेला नाही, त्याची फक्त कुणाशी गाठच पडत नाही. मला जास्त भीती या दुसऱ्या गोष्टीची वाटते, कारण तिच्याविरुद्ध मोर्चाही काढता येत नाही.

जुन्या बाजाराचे गोडवे गाताना त्याचा वास विसरू नये. उधारीच्या वहीने किती घरं पिढ्यान्पिढ्या बांधून ठेवली! गरिबाला आणि दलिताला कापड दाखवताना ठाण खाली ओढायलाही दुकानदाराच्या जिवावर यायचं. दिवसभर बाजारात बसणाऱ्या मासळीवालीला लघवीला जायची सोय नव्हती, बऱ्याच ठिकाणी आजही नाही. माझ्या परिचयातल्या बुरखा घालणाऱ्या मुली मॉलमध्ये जातात तेव्हा घरून निघतानाच मोकळ्या झालेल्या असतात. तिथे कुणी ‘कोणाची गं तू’ विचारत नाही, स्वच्छतागृह आहे, किंमत छापलेली आहे, तासभर नुसतं बसलं तरी कुणी हटकत नाही. त्यांना मी कुठल्या तोंडाने पेठेत या म्हणू? पेठेनेही मॉलकडून चार गोष्टी शिकायला हव्या होत्या. त्यातली पहिली बाईसाठी बसायची जागा.

पण पेठ आपोआप उगवते आणि आपोआप मरते, हा समज काढून टाकला पाहिजे. मराठीत पेठ ‘वसवतात’, हा शब्दच सांगतो. मराठेशाहीत नवी पेठ वसवताना येणाऱ्या व्यापाऱ्यांना कौल दिला जाई, काही वर्षं करमाफी असे, आणि तिची देखरेख शेटे-महाजनांकडे असे. प्रेषित मुहंमद (स.) मदिनेत आले तेव्हा मशिदीप्रमाणे बाजारासाठीही त्यांनी वेगळी जागा ठरवली. तिथे कुणी कायमची जागा अडवायची नाही आणि बसायचा कर घ्यायचा नाही, असं जुने इतिहासकार सांगतात. फ्रान्सने १९७३ मध्ये रॉये कायदा केला. ठरावीक आकारापेक्षा मोठं दुकान उघडायचं तर लोकप्रतिनिधी, व्यापारी आणि ग्राहक यांच्या स्थानिक समितीची परवानगी लागायची. त्या कायद्यातून पळवाटा निघाल्या, भ्रष्टाचारही झाला आणि मोठी दुकानं वाढतच गेली. तरी निदान तिथे प्रश्न विचारला गेला. आपल्याकडे मॉलला परवानगी देताना बाजूच्या पेठेचं काय होईल, हे कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आपल्याकडे कायदा आहे तो फेरीवाल्यांचा, २०१४ चा. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्या, असं त्यात म्हटलंय. त्यासाठी शहर फेरीवाला समिती नेमा आणि त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच असू द्या, असंही आहे. जमीन गेलेल्या घरांतल्या बाया आज उलवे-द्रोणागिरीत रस्त्याच्या कडेला भाजी-मासळी घेऊन बसतात, त्यांच्यासाठी हा कायदा पुरेसा आहे. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी आली की त्या पाट्या उचलून पळतात. ज्या जमिनीवर हा रस्ता झाला, ती कधीकाळी त्यांच्याच घरांची होती.

आणि आता पुढचं शहर येतंय. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना काढली आणि ते काम एमएमआरडीएकडे दिलं. वर्तमानपत्रं त्याला ‘तिसरी मुंबई’ म्हणतात. दुसऱ्या मुंबईत सेक्टर मिळाले, नोड मिळाले, इमारतींखाली गाळे मिळाले. तिसरीच्या नकाशावर या १२४ गावांनी हरकती-सूचना द्यायच्या आहेत. त्यात दर वाढवून मागा, भूखंडाची टक्केवारी वाढवून मागा, तो हक्कच आहे. सोबत एक मागणी जोडा. प्रत्येक स्थानकाबाहेर बाजाराची जागा नकाशात आखून मागा, छप्पर, पाणी आणि बायांसाठी स्वच्छतागृहासकट. त्यातले निम्मे ओटे जमीन गेलेल्या घरांतल्या बायांच्या नावावर असावेत आणि एसटीचा थांबा बाजाराच्या दारात असावा. उरलेल्या ओट्यांवर मणियार बसेल, शिंपी बसेल, बेकरीवाला बसेल. त्यांना कुणी खास बोलवायला नको, बाजार भरतो म्हटल्यावर ते वाट काढत येतातच.