भिंतीत पोर्ट एक, मेजावर यंत्रे चार

कचेरीची खोली बांधताना तेथे एकच संगणक बसेल असा हिशेब पुष्कळदा धरलेला असतो आणि भिंतीत नेटवर्कचा एकच पोर्ट ठेवलेला असतो. पुढे दुसरा संगणक येतो, छपाईयंत्र येते, दूरध्वनीही नेटवर्कवरच चालू लागतो. मग एकाची तार काढून दुसऱ्यास लावणे सुरू होते. तेवढा वेळ पहिल्याचे काम थांबते आणि खिडकीबाहेर दाखल्यासाठी उभी असलेली रांगही थांबते. वाचकहो, आपण त्या रांगेत कधी ना कधी उभे राहिलाच असाल. कदाचित खिडकीच्या आत बसतही असाल.

यावर ‘स्प्लिटर’ नावाचा एक छोटा तुकडा बाजारात मिळतो. नळाला दोन तोट्या बसवाव्यात तसा तो दिसतो; परंतु नेटवर्कची तार म्हणजे पाण्याची नळी नव्हे. तिच्या पोटात बारीक तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिट गतीस त्यांतील दोन जोड्या पुरतात व उरलेल्या दोन स्प्लिटर दुसऱ्या यंत्रास देतो. मात्र तारेच्या पलीकडच्या टोकासही तसाच तुकडा लावून तेथे दोन पोर्ट अडवावे लागतात. १००० मेगाबिटच्या जोडणीस तर चारही जोड्या लागतात. मग वाटायला उरते काय? आमच्या मते हा खर्च टाळावा.

घ्यावा तो ‘स्विच’. हे दिव्याचे बटण नव्हे, तर विजेवर चालणारी, अनेक पोर्टांची लहानशी पेटी होय. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनशाळेत ईथरनेटचा आरंभ झाला, तेव्हा सर्व यंत्रे एकाच तारेवर बोलत आणि दोघे एकदम बोलले की दोघांनाही थांबून पुन्हा बोलावे लागे. स्विच मात्र कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर आहे हे त्याच्या पत्त्यावरून ध्यानात ठेवतो आणि ज्याचा मजकूर त्यालाच पोचवतो. जुन्या पोस्टमनला आळीतले प्रत्येक दार ठाऊक असावे तसा.

पाच पोर्टांच्या पेटीवर यंत्रे चारच लागतात, कारण एक पोर्ट भिंतीकडे जातो. म्हणून आठ पोर्टांचीच घेतलेली बरी. तार १०० मीटरहून लांब नसावी. जो दूरध्वनी नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेतो, तो साध्या स्विचला लावताच मुका होतो. त्यासाठी तारेतून वीज पुरविणारा स्विच लागतो. घरचा जुना राउटर आणून जोडण्याचा मोह होतो, पण तो आपले वेगळे पत्ते वाटू लागला की शेजारच्या खोल्यांतही घोटाळा माजतो.

त्याहून जपायचे ते असे : लोंबणारी मोकळी तार पाहून कुणी सद्भावनेने तिची दोन्ही टोके एकाच पेटीत खोचली, तर संदेश वर्तुळात फिरत, वाढत राहतात आणि काही क्षणांत सगळ्या कचेरीचे नेटवर्क ठप्प होते. यावरचा उपाय रॅडिया पर्लमन या विदुषींनी १९८५ साली शोधून काढला. तथापि स्वस्त पेट्यांत ती सोय सहसा नसते.

पेटी लावण्यापूर्वी नेटवर्क सांभाळणाऱ्याची अनुमती घ्यावी. काही कचेऱ्यांत अनोळखी यंत्र जोडताच पोर्ट आपोआप बंद होतो. आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकेक चिठ्ठी चिकटवावी. ‘भिंत’, ‘छपाई’, ‘हिशेब’ एवढे लिहिले तरी पुरे.