आधी माती, मग पेन्सिल

मुलाच्या हाडांचं वय पाहायचं असलं की डॉक्टर त्याच्या डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या एक्स-रेमध्ये त्यांतलं सहसा एकही दिसत नाही, कारण तिथे अजून नुसती कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं दिसू लागतात. बाकीची पुढच्या काही वर्षांत एकेक करून येतात, आणि शेवटचं तर मूल प्राथमिक शाळेत चांगलं रुळल्यावर. हाडं पुरी झाली नाहीत म्हणून लिहिता येत नाही, इतका सरळ हिशेब अर्थातच नाही. बोटांच्या बारीक स्नायूंवरचा ताबा, हात आणि डोळे यांचा मेळ, खांद्यातली ताकद असं बरंच काही त्यात येतं. तरीही तीन वर्षांच्या मुलीपुढे दुरेघी वही ठेवून 'ग' गिरवून घेणाऱ्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असा एक एक्स-रे टांगायला हरकत नाही.

अशा शाळा गल्लोगल्ली आहेत, आणि त्या पालकांच्या मागणीवर चालतात हेही खरं. ज्युनियर केजीच्या पालकसभेत सगळ्यात आधी कुणीतरी विचारतंच, "लिहायला कधी सुरू करणार?" शेजारच्या शाळेतल्या मुलांचे शंभरपर्यंत आकडे झालेले असतात, मग आपलं मूल मागे पडल्यासारखं वाटतं. पालकांना नुसता दोष देण्यात अर्थ नाही. हजारो रुपये भरल्यावर मूल दिवसभर काय करतं हे त्यांना दिसायला हवं असतं, आणि भरलेली वही ही त्या फीची पावती असते. मूल वाळूत खेळलं, भांडलं, पुन्हा गट्टी केली, त्याची पावती कोण देणार?

खेळात नेमकं काय घडतं ते पाहायला दिवाळीतला किल्ला पुरेसा आहे. सहामाही परीक्षा संपली की विटा, दगड आणि फुटक्या कुंड्या गोळा होतात. त्यावर भिजवलेलं पोतं टाकायचं, चाळलेल्या लाल मातीचा गारा करून लिंपायचा, वर मोहरी आणि अळीव पेरायचे. थोरली मुलं बुरूज कुठे आणि तळं कुठे यावर हुज्जत घालत असतात. चार वर्षांचं एखादं मूल लिंबूटिंबू म्हणून सामील होतं आणि त्याच्याकडे पाण्याचा मग येतो. पहिल्या दिवशी ते इतकं पाणी ओततं की अर्धा कडा खाली येतो. ओरडा बसतो. दुसऱ्या दिवशी ते ओंजळीतून शिंपडायला लागतं. अळीव अजून का उगवले नाहीत म्हणून ते सकाळ-संध्याकाळ उकरून पाहतं, पुन्हा ओरडा खातं, आणि तीन-चार दिवसांनी कडा हिरवा झाला की सगळ्या वाड्याला हाका मारून दाखवतं. दरवाज्यात उभा केलेला मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो, पण त्याला आत जायला जागा नाही हे त्या मुलाला अजिबात खुपत नाही. त्याच्या लेखी तो पहारा देतोय, आत जाईलच कशाला?

अलीकडे रस्त्याकडेला प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, रंगवलेले, बुरुजांसकट. दिसायलाही छान असतात. फक्त मुलाला करायला त्यात काही उरलेलं नसतं.

पहारेकऱ्यावरून एक जुना प्रयोग आठवतो. ल्येव्ह विगोत्स्की या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाच्या परंपरेतल्या मनुइलेन्को यांनी १९४०च्या दशकात लहान मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं. नुसतं "हलू नकोस" म्हटल्यावर बालवाडीच्या वयाची मुलं लगेच चुळबुळ करू लागली. खेळात त्यांना पहारेकरी केल्यावर तीच मुलं कितीतरी जास्त वेळ स्थिर उभी राहिली. विगोत्स्कींचं म्हणणं हेच होतं की खोट्या-खोट्या खेळात मूल स्वतःहून नियम पाळतं, कारण नियम मोडला तर खेळच मोडतो. भातुकलीतली 'आई' स्वतःला हवा असलेला खाऊ आधी 'बाळाला' देते. बसमधला 'कंडक्टर' तिकीट दिल्याशिवाय कुणाला बसू देत नाही. ज्या शिस्तीसाठी शाळा मुलांना हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवतात, ती इथे कुणी न सांगता येते. मोठ्यांनी फार तर प्रवासी व्हावं आणि तिकिटाचे पैसे द्यावेत. "खरा कंडक्टर असं करत नाही" हे सांगायचा मोह मात्र आवरावा.

यातलं काहीच महाराष्ट्राला नवं नाही, आणि नेमकी तीच गोष्ट जिव्हारी लागते. वकिली सोडून भावनगरच्या बालमंदिरात रमलेले गिजुभाई बधेका आणि त्यांना तिथे येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांनी घेतली, पण तिची साधनं महागडी होती आणि खेड्यात परवडणारी नव्हती. १९४५ साली ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि खेड्यातली बालवाडी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांच्यावर उभी राहिली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिची सुरुवात ही अशी. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली.

बोर्डीत दिवसाची सुरुवात अक्षरांनी होत नसे. मुलांना गोळा करायचं, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. आजच्या एखाद्या पालकाला हे शिक्षण वाटणार नाही. पण आंघोळ घालताना बाई बोलतात, मूल उत्तर देतं, गरम-गार कळतं, डावा-उजवा हात कळतो, आधी काय आणि नंतर काय हा क्रम रोज तसाच येत असल्याने दिवसाचा अंदाज येतो. दिनक्रमाचं मोल या अंदाजात असतं. आता काय होणार हे ठाऊक असलेलं मूल कमी रडतं, हे कुठल्याही पाळणाघरातल्या मावशी सांगतील.

घरातही हेच चालू शकतं. मटार सोलायला बसलेलं मूल चिमटीत दाणा धरतं, आणि पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. जेवणाची पानं घेताना माणसं पाच आणि वाट्या चार निघाल्या, की मोजणं म्हणजे काय ते शंभरपर्यंतच्या घोकंपट्टीपेक्षा पक्कं कळतं. अर्थात मुलाच्या मदतीने दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो आणि निम्मे मटार त्याच्याच पोटात जातात. सकाळी आठची लोकल गाठणाऱ्या आईबापांना हे रोज जमणार नाही, ते ओळखूनच बोलायला हवं. रविवारी जमलं तरी पुष्कळ. फ्लॅटमध्ये माती नसेल तर परातीतला रवा चालतो, कणकेचा गोळा चालतो.

या वेळेच्या गणिताचा सगळ्यात मोठा फटका झोपेला बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार ३ आणि ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात १० ते १३ तास झोप आणि किमान १८० मिनिटं हालचाल हवी, आणि बसून स्क्रीन पाहणं एका तासापेक्षा जास्त नको. रात्री अकराला झोपून सहाला उठवलेलं मूल दुपारी झोपलं तरी हा आकडा गाठताना मारामार होते. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय महाराष्ट्रात २०२४ साली निघाला, तो योग्यच होता. त्यावर लगेच दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा आणि स्कूलबसची अडचण पुढे आली. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या मोठ्यांच्या आहेत, आणि त्यांची भरपाई दरवेळी सगळ्यात लहान माणसाच्या झोपेतून का व्हावी?

सरकारी कागदावर सगळं उत्तम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने ३ ते ८ वर्षं हा एक सलग टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. २०२३मध्ये खेळण्यांनी भरलेला 'जादुई पिटारा' आला. पण मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अजूनही ६ ते १४ वयोगटापुरताच आहे. त्याखालच्या वयाचं दुकान कुणी कसं चालवावं यावर म्हणावा तसा वचक नाही.

आणि ज्या अंगणवाडीला ताराबाईंच्या कल्पनेचा वारसा आहे, तिथे पिटारा उघडायला सवड कुणाला आहे? एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून पूर्वशालेय शिक्षण तिच्या सहा सेवांमध्ये आहे. प्रत्यक्षात सेविकेचा दिवस आहार वाटणं, वजनं-उंची घेणं, लसीकरणाला माणसं जमवणं, मोबाइलच्या ॲपमध्ये नोंदी भरणं आणि वरून येतील ती सर्वेक्षणं यात जातो. हे सगळं ती मानधनावर करते, पगारावर नाही. महाराष्ट्रातल्या सेविका डिसेंबर २०२३मध्ये संपावर गेल्या, तेव्हाही बातम्या पोषण आहार बंद पडल्याच्या झाल्या. मुलांची गाणी आणि खेळ बंद पडल्याची ओरड फारशी कुणी केली नाही. रोजचे दोन तास सेविकेने फक्त मुलांसोबत असावं, त्या वेळात ॲप नाही आणि सर्वेक्षण नाही, एवढा एक आदेश काढून तो पाळला तरी पुष्कळ फरक पडेल. नोंदींसाठी वेगळा माणूस द्यावा लागेल आणि त्याला खर्च येईल. तो करावा.

पालकांच्या हातात प्रवेशाचे दिवस आहेत. शाळा पाहायला जाल तेव्हा स्मार्ट बोर्ड दाखवायला नेतील, तो पाहून घ्यावा आणि मग विचारावं की वाळू कुठे आहे, पाणी कुठे खेळतात, गोष्ट रोज कोण सांगतं, मूल स्वतःचा डबा स्वतः उघडतं का, कपडे मळले तर बाई रागावतात का. गृहपाठ आहे का, हेही विचारावं आणि 'नाही' असं उत्तर आलं तर खूश व्हावं. जिथे चार वर्षांच्या मुलाची मुलाखत घेतात, तिथून फॉर्म न भरताच परत यावं.