माल मोकळा, मजूर मात्र अडवलेला

गेल्या काही बैठकांत एक प्रश्न परत परत आला. गॅट, डंकेल, खुला व्यापार ही सगळी शहरातल्या शिकलेल्यांची भाषा. आपण प्लॉटसाठी लढतो, सातबाऱ्यासाठी लढतो, वनखात्याच्या केसेस अंगावर घेतो. आपल्याला त्या करारांचं काय? प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळच देतो. आमचं म्हणणं असं, की या करारांचा आपल्या जमिनीशी संबंध आहे. आणि आपली जमीन राहते की जाते, याचा कारखान्यातल्या युनियनशी संबंध आहे. हे कळायला मेक्सिको देशात काय झालं ते बघू.

मेक्सिको हा अमेरिकेच्या दक्षिणेला लागून असलेला देश. तिथं १९१० साली क्रांती झाली. एमिलियानो झापाटा हा त्यातला शेतकऱ्यांचा पुढारी. त्या लढ्यातून १९१७ ची राज्यघटना आली आणि तिच्या कलम २७ नं भूमिहीन गावांना सामाईक जमीन मिळण्याचा रस्ता उघडला. अशा जमिनीला तिकडे ‘एहिदो’ म्हणतात. जमीन गावाची, कसणार घरटी माणूस, पण विकायची नाही, गहाण टाकायची नाही. आपल्याकडे जमीन महसूल कायद्यात कलम ३६ आणि ३६-अ आहे, त्यामुळे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी घेता येत नाही. दोन्ही कायदे वेगळे, पण काम एकच: पैसेवाल्याच्या हाताला बांध घालायचं.

१९९२ साली साध्यक्ष सालिनास यांच्या सरकारनं हे कलम २७ च बदललं. नवं जमीनवाटप बंद केलं. एहिदोची जमीन भाड्यानं द्यायला, विकायला वाट मोकळी केली. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी ‘नाफ्टा’ नावाच्या खुल्या व्यापाराच्या करारावर सह्या केल्या. क्रम नीट लक्षात घ्या. आधी जमिनीचा कायदा मोडला, मग करार केला. करार परदेशात होतो, पण त्याच्यासाठी कुऱ्हाड आधी घरातल्या कायद्यावर पडते.

१ जानेवारी १९९४ ला करार लागू झाला. त्याच दिवशी पहाटे चियापास राज्यातल्या त्सोत्सिल, त्सेल्ताल, चोल, तोहोलाबाल या आदिवासींनी बंड केलं. नाव घेतलं झापाटाचं. हा करार म्हणजे आमच्या मरणाचा कागद आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बारा दिवस लढाई चालली, मग शस्त्रसंधी झाली. त्यांची मागणी आपल्या ओळखीची आहे: जमीन, आणि आपल्या गावाचा कारभार आपल्या हातात.

मरणाचा कागद का? मक्यामुळे. मका हे तिथल्या माणसाचं रोजचं अन्न, जसा आपला नागली-तांदूळ. अमेरिकेत मका हजारो एकरांवर यंत्रानं पिकतो आणि वरून तिथलं सरकार शेतकऱ्याला मदत देतं. करारात मक्यावरची जकात पंधरा वर्षांत हळूहळू काढायची असं लिहिलं होतं. पण मेक्सिकोच्या सरकारनंच ठरल्यापेक्षा जास्त मका जकात न घेता आत येऊ दिला. भाव पडला. डोंगरावर दोन-तीन एकर करणारा त्यात कसा टिकणार? तो निघाला. कुणी सीमेवरच्या कारखान्यात गेला, कुणी लपूनछपून अमेरिकेत. आणि अमेरिकेनं काय केलं? १९९४ मध्येच तिहुआना शहराजवळच्या सीमेवर पहारा आणि कुंपण वाढवलं. माल मोकळा, पैसा मोकळा, मजूर मात्र अडवलेला. हा आहे खुला व्यापार.

सीमेवरच्या त्या कारखान्यांना ‘माकिलादोरा’ म्हणतात. १९६५ पासून ते आहेत, करारानंतर वाढले. सुटे भाग अमेरिकेतून येतात, जोडले जातात, तयार माल परत जातो. कामाला मोठ्या संख्येनं तरुण पोरी. त्या काळात पुष्कळ ठिकाणी युनियन असायची ती कागदावर. सरकारी पक्षाच्या पुढाऱ्यांनी कंपनीबरोबर आधीच सही केलेली असायची, कामगाराला पत्ताही नसायचा. खरी युनियन बांधायला गेलं की कामावरून कमी.

आणि तिकडे अमेरिकेतला कामगार सुखात आहे का? तो पगारवाढ मागतो, तेव्हा मालक म्हणतो, गप्प बस, नाहीतर कारखाना मेक्सिकोला नेतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या केट ब्रॉनफेनब्रेनर यांनी याचा अभ्यास केला. युनियनसाठी मतदान लागलं अशा निम्म्याहून जास्त ठिकाणी मालकांनी कारखाना बंद करण्याची धमकी दिली होती. कारखाना हलवावा लागत नाही, नुसतं बोट दाखवलं तरी पुरतं.

कामगारांनी ओरड केली म्हणून नाफ्टाला कामगार हक्कांचा एक जोडकरार लावला. तो वाचला की सरकारांची नियत कळते. नाफ्टाखाली कंपनीचा पैसा बुडाला तर ती थेट सरकारला लवादापुढे खेचू शकत होती. पण युनियन करण्याचा, संप करण्याचा हक्क मोडला तर? मंत्र्यांनी एकमेकांशी चर्चा करायची, बस्स. पुढे दंड नव्हता. १९९४ मध्ये हनीवेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या मेक्सिकोतल्या कारखान्यांत युनियन बांधणाऱ्यांना काढल्याची तक्रार अमेरिकन युनियननी केली. ती मंत्र्यांच्या चर्चेपर्यंतसुद्धा गेली नाही.

म्हणजे करारातून न्याय येत नाही. मग कुठून येतो? ‘जगातल्या कामगारांनो’ ही घोषणा आपणही देतो, पण नुसत्या घोषणेनं पोट भरत नाही. तिथं दोन संघटनांनी जे केलं, ते आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. अमेरिकेतली वीजयंत्र कामगारांची युनियन ‘यूई’ आणि मेक्सिकोतली स्वतंत्र कामगार आघाडी ‘फात’ यांनी १९९२ मध्ये हातमिळवणी केली. यूईचे कामगार पदरमोड करून मेक्सिकोतल्या संघटनेच्या कामाला पैसे पाठवत. आणि मिलवॉकी शहरातल्या ओतकामाच्या कारखान्यात मेक्सिकोतून आलेले मजूर बिचकत होते, तेव्हा फातचा कार्यकर्ता तिथं जाऊन राहिला, त्यांच्या भाषेत बोलला, आणि युनियन जिंकली. श्रीमंत देशाच्या युनियनला गरीब देशाच्या कार्यकर्त्यानं हात दिला. तिकडच्या मजुराला ‘आपली नोकरी खाणारा’ म्हणून हिणवण्यापेक्षा त्याला बरोबर घेणं त्यांना फायद्याचं वाटलं.

आता आपल्याकडे या. आपला देश १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेत आहे. आपल्या पाड्यांवरून पावसाळा संपला की माणसं वीटभट्टीवर, ऊसतोडीला, एमआयडीसीत जातात. मुकादम उचल देतो, गाडी लावतो. कधी कधी ही गाडी अशा कारखान्याच्या दारात थांबते जिथं संप चालू असतो. आत कामगार बाहेर काढलेले, आणि त्यांच्या जागी आपली पोरं. दारातला कामगार आपल्याला शिव्या देतो, आपण त्याला. मालक वरून बघतो. अमेरिका-मेक्सिकोत जे सीमेवर घडतं, ते इथं एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाताना घडतं.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, कामाला जाण्याआधी मुकादमाला विचारायचं: तिथं संप आहे का? असेल तर त्या गाडीत बसायचं नाही, आणि ज्याची उचल अडली त्याच्या मदतीला गावानं उभं राहायचं. दोन, शहरातल्या युनियननाही स्पष्ट सांगायचं. कंत्राटी आणि हंगामी मजुरांना सभासद करा. मोर्चाला माणसं हवीत तेव्हा आदिवासी आठवतात आणि सभासद पावती फाडताना विसरतात, असं चालणार नाही. आमच्या जमिनीच्या मोर्चात तुमचा झेंडा दिसू द्या. तीन, जमिनीच्या कायद्यावर पहारा ठेवायचा. डिसेंबर १९९६ च्या पेसा कायद्यानं भूसंपादनाआधी ग्रामसभेला विचारणं बंधनकारक केलं आहे. १९९७ च्या समता निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अनुसूचित क्षेत्रातली जमीन खाजगी कंपनीला खाणीसाठी भाडेपट्ट्यानं देता येणार नाही. मेक्सिकोचं कलम २७ असंच भक्कम वाटत होतं, पंचाहत्तर वर्षं टिकलं होतं.

ज्याच्या पायाखाली जमीन आहे, तो पडेल त्या मजुरीला हो म्हणत नाही. ज्याची जमीन गेली, तो दुसऱ्याचा संप मोडायला नेला जातो. म्हणून जमिनीची लढाई आणि मजुरीची लढाई वेगळी धरू नका. पुढच्या ग्रामसभेत वरच्या तीन सूचनांवर बोला, बदल सुचवा, आणि गावानं काय ठरवलं ते बुलेटिनकडे लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या, पण पाठवा.