तारा आणि लहरी
विजेच्या तारांतूनच इंटरनेट घरोघरी न्यावे, ही कल्पना नांदेड-लातूरच्या वाड्यावस्त्यांना मोहात पाडणारी आहे; खांब तर आधीच उभे आहेत. पण उघड्या तारांना धातूचे कवच नसते. साधारण 2 ते 30 मेगाहर्ट्झमध्ये सोडलेला डेटा बाहेर झिरपतो आणि तारच अँटेना होते. याच पट्ट्यात हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, शेकडो मैलांवर बोलतात. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपाने किल्लारी-सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाला, हजारो माणसे गेली, तेव्हा निरोप पोचवायला हॅम मंडळी धावली होती. भूकंपात वीज गेली की तिथल्या तारा गप्प होतात, हे खरे. मात्र निरोप ऐकणारा दूरच्या शहरात, चालू तारांखाली बसलेला असतो. आलेला क्षीण आवाज त्याच्याच गल्लीतल्या गोंगाटात बुडतो. अमेरिकेने 2004 मध्ये नियम करताना अडथळा येणारी वारंवारिता वगळण्याची सोय यंत्रणेत सक्तीची केली. आपल्याकडे त्याहून सरळ वाट आहे: त्याच खांबांवरून ऑप्टिकल फायबर ओढावी. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, रेडिओलहरी सांडत नाहीत. किल्लारी पाहिलेल्या जिल्ह्यांनी तरी हाच आग्रह धरावा.